दर्यात दुकान नसते
(बोटीचे सामान : परदेशातून मागवावे की गावातून घ्यावे?)

आपल्या होस्टेलवर रोज संध्याकाळी गेटवर पार्सलवाला येतो. कुणाचे बूट, कुणाचा हेडफोन, कुणाचा कॅल्क्युलेटर. बूट लहान झाला तर परत पाठवायचा, आठ दिवसांनी दुसरा येतो. तोपर्यंत चपलेवर कॉलेजला जायचे. फार तर प्रॅक्टिकलला सरांची बोलणी खायची. नुकसान काय, तर एवढेच!

पण समजा हेच पार्सल बोटीच्या सामानाचे असेल आणि ते 'लहान झाले' हे तुम्हाला रात्री दोन वाजता खाडीत कळले, तर? माझ्या घरात हे घडले आहे आणि त्यातला दोषी मीच आहे. म्हणून या वर्षीच्या अंकासाठी कविता देण्याऐवजी हा लेख देतो आहे. मेकॅनिकलवाल्यांना यात सिलॅबसमधले बरेच काही सापडेल. इतरांनी गोष्ट म्हणून वाचावे.

मी रेवदंड्याकडचा. आमच्या घरची, म्हणजे काकांची, दोन सिलिंडरची लाकडी बोट आहे. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर बोटीची ओळख सिलिंडरवरून सांगतात, जशी शहरात घराची ओळख बीएचकेवरून सांगतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या ६१ दिवसांत बोटी शाकारून ठेवतात, रंगरंगोटी होते, इंजिन उघडतात, जाळी शिवतात. वर्षभराची सगळी खरेदी याच दोन महिन्यांत होते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या फेऱ्या, अलिबागच्या दुकानातली उधारी, लेथवाल्याकडची रांग, हे सारे त्याच दिवसांतले. १ ऑगस्टला बोट पाण्यात तयार नसेल तर सीझनचे पहिले आणि सगळ्यात चांगले दिवस गेले म्हणून समजा.

घडले ते असे

इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घ्यावे लागते. त्यासाठी बोटीच्या तळाजवळ भोक असते आणि त्या भोकावर व्हॉल्व असतो, त्याला सी-कॉक म्हणतात. व्हॉल्वला पुढे एक नळीचे टोक बसते, त्यावर रबरी पाइप चढवतात आणि तो पंपाला जातो. आमचा जुना व्हॉल्व साध्या पितळेचा होता. त्या जूनमध्ये तो काढला तर वरून पिवळा आणि आतून गुलाबी, पोचट झालेला. स्क्रूड्रायव्हर टोचला तर खपली निघाली.

मी तेव्हा सेकंड इयरला होतो. मटेरियल सायन्सचा पेपर नुकताच दिलेला. मी घरात लेक्चर ठोकले की याला डीझिंकिफिकेशन म्हणतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा स्पंज उरतो. दिसायला व्हॉल्व जागेवर असतो, ताकद मात्र संपलेली असते. म्हणून पितळ नको, ब्राँझ हवे. आणि ब्राँझ घ्यायचे तर चांगल्या परदेशी कंपनीचे घ्यावे.

इथपर्यंत माझे सगळे बरोबर होते. मग मी एका अमेरिकन दुकानातून पाऊण इंची ब्राँझचा व्हॉल्व मागवला. वस्तू अप्रतिम! हातात घेतली की वजन जाणवायचे, हँडल लोण्यासारखे फिरायचे. काकांनी दोनदा उघडझाप करून पाहिला आणि खूश झाले. नळीचे टोक मात्र मी मागवले नव्हते. म्हटले, पाऊण इंची टोक काय, कुठेही मिळेल. ते अलिबागला घेतले. हाताने तीन-चार फेरे छान गेले, मग पान्याने आवळले, वर टेफ्लॉन टेप होतीच. घट्ट बसले. मला वाटले, झाले.

जुलैच्या शेवटी बोट पाण्यात उतरवली. संध्याकाळी इंजिन तासभर चालवून पाहिले. सगळे ठीक होते. बोट खाडीत नांगरून आम्ही घरी आलो. व्हॉल्व बंद करायचा राहिला. पहाटे पाचला शेजारचा एक खलाशी दार ठोठावत आला, "बोट बसतंय!" आम्ही धावलो. बोट मागच्या बाजूने खाली गेली होती. आत पाणी स्टार्टरच्या वर आलेले, डायनामो बुडालेला, बॅटऱ्या पाण्यात. हाताने आणि पंपाने उपसायला तीन तास लागले. बोट वाचली. तेल बदलणे, स्टार्टर आणि डायनामो गुंडाळून घेणे, वायरिंग, यात आठ दिवस गेले. १ ऑगस्टला गावच्या बाकीच्या बोटी गेल्या आणि आमचे खलाशी किनाऱ्यावर बसून बघत राहिले. त्यांचा हिस्सा मिळकतीवर असतो. बोट गेली नाही तर त्यांच्या घरी पैसा जात नाही. त्यातल्या एकाच्या मुलीची फी त्याच आठवड्यात भरायची होती, हे मला नंतर कळले.

काका मला रागावले नाहीत. बादली खाली ठेवून एवढेच म्हणाले, "पोरा, दर्यान दुकान नाय रं." दर्यात दुकान नसते.

आटे जुळले, पण बसले नाहीत

दुपारी मी तो व्हॉल्व आणि ते टोक घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याने भिंग लावून पाहिले आणि विचारले, "हे आटे कुठल्या देशाचे?" मला प्रश्नच कळला नाही. आट्यांना देश असतो?

असतो. आपल्याकडे नळकामाला ब्रिटिश पद्धतीचे आटे, म्हणजे बीएसपी चालतात. अमेरिकेत एनपीटी. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६० अंश. बहुतेक मापांत दर इंची आट्यांची संख्याही वेगळी असते, त्यामुळे एक दुसऱ्यात शिरतच नाही आणि माणूस वाचतो. पण अर्ध्या इंचाला आणि पाऊण इंचाला घात आहे. या दोन मापांत दोन्ही पद्धतींत दर इंची आटे १४च. टेपरचे बीएसपी आणि एनपीटी दोन्हींचा उतारही १:१६च. बाहेरचा व्यास पाहाल तर पाऊण इंचाला एक २६.४४ मिलिमीटर आणि दुसरा २६.६७. फरक पाव मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून ते हाताने गोड जातात, पान्याने घट्टही होतात. कोन मात्र जुळत नसल्याने आट्यांच्या बाजू एकमेकींना पूर्ण टेकत नाहीत. मध्ये नागमोडी फट राहते. टेप ती फट काही वेळ झाकते. इंजिनाच्या थरथरीने जोड थोडा सैल झाला की पाणी वाट काढते.

किती पाणी? टॉरिसेलीचे सूत्र आठवा. व्हॉल्व पाण्याखाली अर्धा मीटर धरू. मग वेग म्हणजे २ × ९.८१ × ०.५ चे वर्गमूळ, सेकंदाला ३.१३ मीटर. सगळी फट मिळून फक्त १० चौरस मिलिमीटर धरा, भाताच्या शिताएवढी. डिस्चार्ज कोइफिशंट ०.६ घेतला तर सेकंदाला सुमारे १९ मिलिलिटर पाणी. ऐकायला काहीच नाही. पण तासाला ते ६८ लिटर होते आणि रात्रीच्या नऊ तासांत सहाशे लिटरच्या वर जाते. म्हणजे डिझेलची तीन मोठी पिंपे भरून पाणी. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हे गणित पाच मार्कांचे असते. आमच्याकडे ते आठ दिवसांचे झाले.

लेथवाल्याने मग गनमेटलचा तुकडा लावला, टेलस्टॉक सरकवून टेपर काढला, टूल ६० अंशाला घासले आणि दोन तासांत नवे टोक करून दिले. टेपर १:१६ म्हणजे अर्धा कोन १ अंश ४७ मिनिटे. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण जो टेपर 'सरांनी सांगितला म्हणून' काढतो, तोच हा. त्याने पैसे नेहमीचेच घेतले. वर म्हणाला, "आधी दाखवायला आणला असतास तर टोक तेव्हाच केलं असतं."

याच जातीचे आणखी सापळे आहेत. पंख्याचे, म्हणजे प्रोपेलरचे, भोक टेपर असते. अमेरिकन पद्धतीत हा टेपर १:१६ आणि मेट्रिक पद्धतीत १:१०. शाफ्ट एका देशाचा आणि पंखा दुसऱ्या देशाचा घेतला तर तो एका काठावर टेकतो आणि चावीवर सगळा जोर येतो. विजेचे सामान १२ व्होल्टचे की २४ चे, किनाऱ्यावर लावायचा चार्जर ११० व्होल्टचा की २३० चा, हेही आधीच बघायचे. मासे दाखवणारे यंत्र किंवा जीपीएस घेतले तर त्यात नकाशा कुठल्या किनाऱ्याचा भरलेला आहे ते विचारायचे. फ्लोरिडाचा किनारा अगदी तपशीलवार दाखवणारे यंत्र रेवसच्या तोंडाशी काय कामाचे?

किंमत कशी मोजावी

आता पैशाचे बोलू. वेबसाइटवर व्हॉल्वची किंमत दिसली ६० डॉलर. सोपे जावे म्हणून डॉलर ९० रुपये धरू, म्हणजे ५,४०० रुपये. पण कस्टम्सचा हिशोब वस्तूच्या किमतीवर चालत नाही. तो किंमत, विमा आणि भाडे यांच्या बेरजेवर चालतो. भाडे आणि विमा मिळून ४० डॉलर धरले तर पाया झाला १०० डॉलर, ९,००० रुपये.

यावर मूळ सीमाशुल्क. दर वस्तूप्रमाणे बदलतो, उदाहरणासाठी १० टक्के घेऊ : ९०० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार : ९० रुपये. बेरीज ९,९९०. आता या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी. उदाहरणाला १८ टक्के : १,७९८ रुपये. एकूण ११,७८८. शिवाय कुरिअर कंपनी कस्टम्सचे काम करण्याचे पैसे वेगळे घेते. म्हणजे ५,४०० ची दिसलेली वस्तू दुपटीहून जास्त किमतीला दारात पडली. यात कुणी फसवलेले नाही. मी अर्धेच गणित केले होते, एवढेच. तुम्ही मागवाल तेव्हा त्या वस्तूचा खरा दर आधी काढा आणि मगच तुलना करा. जीएसटी नोंदणी असलेल्या कारखानदाराला आयजीएसटीची वजावट मिळू शकते. मच्छीमाराकडे सहसा ती नोंदणी नसते, त्यामुळे तो कर त्याच्या खिशातूनच जातो.

उलट बाजूही बघा. मासेमारी बोटीचा भाग म्हणून घेतलेल्या सागरी इंजिनाला ५ टक्केच जीएसटी लागतो, हे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. इथल्या विक्रेत्याकडून घेतले तर पक्के बिल हातात येते, आणि कर्जाच्या किंवा अनुदानाच्या अर्जाला पहिल्यांदा तेच मागतात.

पण माझ्या मते खरी किंमत या दोन्ही हिशोबांत येतच नाही. खरी किंमत अशी :

वस्तूची किंमत + ती बिघडली तर बोट जितके दिवस उभी राहील × एका दिवसाची मिळकत.

व्हॉल्व मला जादाच्या सहा हजारांना महाग पडला नाही. तो आठ दिवसांना महाग पडला.

याच कारणाने आपल्या किनाऱ्यावर इतकी वर्षे ट्रकच्या घराण्यातली इंजिने चालतात. अशोक लेलँडचे सहा सिलिंडरचे इंजिन ट्रकवरही असते आणि त्याचा सागरी अवतार बोटीवरही. गॅस्केट, पिस्टन रिंग, नोझल वडखळ नाक्याच्या ट्रक गॅरेजमध्ये मिळते. ते उघडणारा मिस्त्री गावात असतो. त्यापेक्षा हलके आणि शांत परदेशी इंजिन जरूर आहे. पण त्याचा एक सेन्सर गेला की बोट महिनाभर किनाऱ्याला.

यात एक गंमत सांगतो. हे सगळे परदेशी सामान जिथे उतरते ते बंदर आपल्याच जिल्ह्यात आहे. न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये उरण तालुक्यात सुरू झाले. जवळच्या करंजाच्या मच्छीमाराला ते कंटेनर रोज दिसतात. डोळ्यांना जवळ असलेली वस्तू हातात यायला मात्र कागदांचा डोंगर ओलांडावा लागतो.

पाणी, हवा आणि पेट्रोल इथले आहे

परदेशी कॅटलॉग खोटे बोलत नाही, पण ते कुणासाठी लिहिले आहे हे पाहावे लागते. अमेरिकेत, युरोपात लाखो बोटी गोड्या पाण्याच्या तलावांत चालतात. त्यांच्यासाठी मॅग्नेशियमचे अॅनोड विकतात. अॅनोड म्हणजे शाफ्टला, सुकाणूला लावायची बळीची पट्टी, जी स्वतः झिजते आणि बाकीचे धातू वाचवते. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम योग्य. खाऱ्या पाण्यात ते फार वेगाने विरघळते. समुद्रासाठी जस्त किंवा अॅल्युमिनियमच हवे. फोटोत तिन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात.

तिकडचे समुद्र थंड, आपले पाणी उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास. कूलरचे माप थंड पाण्याला पुरेल एवढेच असेल तर इथे इंजिन तापते. तिकडच्या हौशी बोटींचे पंखे जास्त पिचचे, वेगासाठी. आपली बोट बर्फ, जाळी आणि मासळीने जड, तिला ओढ हवी, म्हणजे कमी पिच आणि मोठा व्यास. हौशी पंखा लावला की इंजिन दमते, धूर ओकते, आणि दोष इंजिनाला लागतो.

पेट्रोलच्या आउटबोर्ड मशिनवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत पेट्रोलमधल्या इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. आपल्याकडे २० टक्क्यांचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. पाणी फार झाले की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, आणि मशीन नेमके तळातलेच ओढते. खाडीतल्या दमट हवेत, टाकी अर्धी रिकामी ठेवून पावसाळा काढणाऱ्याला हा धोका मोठा. तेव्हा मशीन कुठूनही घ्या, पण पाणी वेगळे करणारा फिल्टर, इथेनॉल सोसणारी नळी आणि सीझन संपताना टाकी रिकामी करणे, या तीन गोष्टी त्याच दिवशी ठरवा. इथला विक्रेता हे सांगू शकतो, कारण त्याच्याकडे अशी मशिने दुरुस्तीला येऊन पडलेली असतात.

जे मागवूच नये

काही गोष्टींत स्वस्त-महाग हा प्रश्नच नाही. समुद्रात वापरायचा व्हीएचएफ बिनतारी संच बाळगायला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे गुन्हा आहे. 'तिकडे दुकानात सहज मिळतो, भावाने येताना आणला' हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर तर नाहीच नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरली होती. २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत आले. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला बिनमाणसांची बोट लागली, आत रायफली सापडल्या आणि सगळा जिल्हा खडबडून जागा झाला. पुढे कळले ते साधेच होते. एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची ती बोट मस्कतहून युरोपकडे निघाली होती. जूनमध्ये खवळलेल्या समुद्रात तिचे इंजिन बंद पडले, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवले आणि रिकामी बोट वाहत इकडे आली. बोट परदेशी होती, इंजिनही परदेशी असणार. तरी बंद पडायचे तेव्हा ते बंद पडलेच.

संकटात हाक मारायला आपल्याकडे देशी सोय आहे. इस्रोने केलेला डॅट हा संकटसंदेश पाठवणारा संच २०१० पासून मच्छीमारांकडे आहे. २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात संदेश मिळाल्याचे उत्तर बोटीवर परत येते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची एक लाख संचांची योजना सुरू झाली. परदेशी महागड्या संचाची हाक कुठल्या देशात जाईल ते बघत बसण्यापेक्षा, जी हाक आपल्या तटरक्षक दलापर्यंत जाते ती बरी.

तसेच संकटात पेटवायचे फ्लेअर म्हणजे स्फोटक पदार्थ, ते साध्या कुरिअरने येऊ शकत नाहीत. आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमध्ये कार्बन डायऑक्साइडची नळी असते. जॅकेट आले आणि एकदा फुगले तर नवी नळी आणणार कुठून? खलाशांसाठी फोमचे, मान्यताप्राप्त, नारिंगी जॅकेटच बरे. त्यात बिघडण्यासारखे काही नाही.

गावचे दुकान म्हणजे सोने नव्हे

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा पोरगा पोळला म्हणून परदेशी मालाच्या विरोधात गेला. तसे नाही. पोचट झालेला तो जुना व्हॉल्व इथल्याच दुकानातला होता, 'ब्राँझ आहे' म्हणून विकलेला. पिवळा दिसतो तो प्रत्येक धातू ब्राँझ नसतो. बोल्टांचे तसेच. 'स्टेनलेस आहे, चुंबक लावून बघा' असे दुकानदार सांगतो. चुंबकाने ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि समुद्राच्या क्षारापुढे तेच टिकाव धरते. ३०४ ला बारीक खड्डे पडतात आणि बोल्ट आतून खातो. मॉलिब्डेनम ओळखायचे थेंबाचे किट मिळते, एका थेंबात रंग सांगतो. सोसायटीने असे एक किट घेऊन ठेवले तर सगळ्या गावाचे काम होईल, असे मी सुचवले आहे.

तिसरा बाजारही आहे. मुंबईचे दारूखाना आणि गुजरातेतले अलंग, जिथे मोठी जहाजे मोडतात. जगभरच्या जहाजांवरचे व्हॉल्व, दोर, लाइफ जॅकेट, साखळ्या तिथे वजनावर मिळतात. जर्मन, जपानी, कोरियन माल, इथल्या भावात, आणि हात लावून बघता येतो. साखळी, नांगर, पितळी खिडकी असल्या न चालणाऱ्या गोष्टींना हा बाजार उत्तम. पण जीव ज्यावर अवलंबून आहे अशी वस्तू, म्हणजे जॅकेट, दोर, रबर, तिथून घेऊ नये. रबराचे वय डोळ्यांना दिसत नाही.

एक जुनी गोष्ट

हा प्रश्न आजचा नाही. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधायला घेतली तेव्हा रुई लेतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याची माणसे कामाला ठेवली होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फूस लावली आणि ती काम सोडून निघून गेली. आरमार मात्र थांबले नाही. ज्या इथल्या हातांनी त्यांच्याबरोबर काम केले होते त्या हातांत विद्या उरली होती. परदेशी माणूस ठेवला यात चूक नव्हती. तो गेल्यावर काम पुढे नेणारे हात इथे होते, म्हणून चालले.

मग घ्यावे तरी कसे?

आमच्या घरी आता बोटीच्या वहीच्या पहिल्या पानावर मी पाच प्रश्न लिहून ठेवले आहेत. कुठलीही वस्तू घेण्याआधी ते विचारतो :

१. ही वस्तू बिघडली तर बोट घरी येईल का? येणार नसेल, तर तिचा जोडीदार गावात किंवा निदान अलिबागला मिळालाच पाहिजे.
२. हिचे आटे, टेपर, व्होल्ट कुठल्या देशाचे? कागदावर लिहून, लेथवाल्याला किंवा वायरमनला दाखवून मगच पैसे भरायचे.
३. परदेशी घेतली तर तिच्याबरोबर लागणारे टोक, सील, इंपेलर, फ्यूज त्याच पार्सलमध्ये दोन-दोन येतात का? एकटी वस्तू कधी मागवू नये.
४. पार्सल १ मेच्या आत हातात पडेल का? जूनमध्ये मागवलेली वस्तू जुलैत कस्टम्समध्ये अडकली तर ऑगस्ट गेला.
५. परवाना लागतो का? लागत असेल तर आधी परवाना, मग वस्तू.

या चाळणीतून मासे दाखवणारे यंत्र परदेशी चालते. ते बंद पडले तरी तांडेल ओळंबा टाकून पाणी मोजतो आणि बोट घरी येते. चांगल्या बेअरिंगचे आणि एखाद्या खास मापाच्या सीलचे तसेच, दोन नग घेऊन ठेवले की झाले. पण व्हॉल्व, पाइप, शाफ्ट, पंखा, सुकाणू, दोर, बॅटरी आणि इंजिन ही सगळी अशी हवीत की ती उघडणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असेल.

तो अमेरिकन व्हॉल्व आजही बोटीवर आहे. लेथवाल्याचे टोक त्यात घट्ट बसलेले आहे. दोन सीझन झाले, एक थेंब गळत नाही. सांगायचे तर माल तिकडचा उत्तम आणि कसब इकडचे उत्तम. त्या दोघांची गाठ मी बोट पाण्यात उतरण्याआधी घालून द्यायला हवी होती. इंजिनिअरचे काम हेच, आणि मी नेमके तेवढेच केले नव्हते.

आता सुट्टीला घरी गेलो की संध्याकाळी बोटीवरून उतरताना काका मागे न बघता विचारतात, "बंद केलास?" मी पुन्हा आत जातो, अंधारात हात घालून हँडल आडवे आहे का ते चाचपतो आणि मगच होडीत पाय टाकतो.